आल्टीनाच्या पाचरी

रॉटरडॅम
मंगळवार, ३ ऑक्टोबर १९७८

प्रिय फेन्ना,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याची सूज उतरली, वाचून बरं वाटलं. सफरचंदं पोचली, वरच्या थरातली दोन नासली होती, बाकी उत्तम. मी ठीक आहे. थोडा खोकला आहे, पण ऑक्टोबरात तो असायचाच. सागरी कायद्याच्या नव्या वर्गाला शिकवायला सुरुवात केली. पोरं हुशार आहेत, फक्त एकाही पोराने बोट आतून पाहिलेली नाही. परवा एकाने विचारलं, बोटीचा पुढचा भाग कुठला ते कळतं कसं? मी म्हटलं, बाबा, ती जिकडे जाते तिकडचा.

लिहायचं होतं ते इम्केच्या डॉक्टरेटच्या समारंभाबद्दल. गुरुवारी, बारा तारखेला, दुपारी तीनला, ग्रोनिंगनला. माझं म्हणणं, तू येऊ नयेस. रागावू नकोस, आधी ऐकून घे. त्या सभागृहाला तेवीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या आहेत. आत गारठा असतो. पाऊण तास माणसं काळे झगे घालून एकमेकांना 'अतिविद्वान' म्हणत बसतात. माझ्या वेळी तूच आईच्या कानात म्हणाली होतीस, "हे कावळे जमलेत कशाला?" आणि ते पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं होतं. समारंभ झाला की इम्केला घेऊन मीच तुझ्याकडे येतो. तू मोहरीचं सूप कर, आपण घरीच साजरं करू.

तिने मला तिचा प्रबंध पाठवला आहे. आत विधानांचा सुटा कागद आहे. ही आपल्याकडची जुनी खोड: डॉक्टर होणाऱ्याने दहा-अकरा विधानं छापायची, आणि त्यांतल्या कुठल्याही विधानावर कुणी हात घातला, तर भर सभेत त्याला उत्तर द्यायचं. शेवटचं विधान गमतीचं असतं. इम्केचं अकरावं असं: 'कॉफीबरोबर एक बिस्कीट देऊन डबा बंद करणे याला पाहुणचार म्हणत नाहीत.' हे तुझ्यावर आहे, तुझ्या लक्षात येईलच.

सातवं आल्टीना बोटीच्या बुडण्यावर आहे.

ते असं: 'मालकाच्या वकिलाला भेटल्यानंतर कप्तानाने नोटरीपुढे दिलेला जबाब हा कप्तानाचा नव्हे, वकिलाचा समजावा. पहा: आल्टीना, १९५१.' बास, एवढंच. तांत्रिक मुद्दा आहे, तू डोकं शिणवू नकोस. पण तेव्हा मालकाचा वकील कोण होता ते तुला माहीत आहे. सभागृहात आल्टीनाचं नाव निघेल, तुझ्या रूल्फचं निघेल, आणि तू पहिल्या रांगेत असशील. सत्तावीस वर्षांनी ती खपली कशाला काढायची?

इम्केच्या चिठ्ठीत फक्त एवढंच आहे: "मामा, बारा तारखेला भेटू. आईसाठी पहिल्या रांगेत उशीवाली खुर्ची सांगून ठेवली आहे." सातव्या विधानाबद्दल एक अक्षर नाही. मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

खरं सांगू का, मला भीती वाटते आहे. कशाची ते विचारू नकोस. येऊ नकोस म्हणजे झालं.

तुझा,
सीब्रांड

•

रॉटरडॅम
सोमवार, ९ ऑक्टोबर १९७८

प्रिय फेन्ना,

तुझं कार्ड आलं. "पायऱ्या मोजायला माझे गुडघे समर्थ आहेत. निळा कोट घेतलाय. गप बैस." तुझ्यापुढे कुणाचं चाललंय कधी? तू येणार. तेव्हा हे पत्र लिहायलाच हवं, आणि तू खुर्चीवर बसून वाचायला हवं. उभ्याने वाचू नकोस.

गेल्या आठवड्यात इम्केने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मी तो वाजू दिला. पहिल्या वेळी उचलायला उठलो होतो, पण हात पुढे जाईना. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. माझ्या हाताखाली सात वकील काम करतात, फेन्ना, न्यायाधीश मला वाट सोडतात, आणि मी भाचीच्या फोनला भिऊन नळ सोडून उभा होतो.

शनिवारी मी डेल्फझैलला आलो होतो. तुला कळवलं नाही. आल्टीनाच्या कप्तानाला, म्हाताऱ्या डेर्क बोल्हाउसला भेटायला आलो होतो, बंदराजवळच्या वृद्धाश्रमात. स्टेशनवरून येताना तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तर तू शिडीवर चढून खिडक्या धूत होतीस. त्या गुडघ्याने. तू मान वळवलीस आणि मी बेकरीच्या गाडीमागे गेलो. बेकरीवाला म्हणाला, "साहेब, पाव हवाय का लपायला जागा?" मी पाव घेतला.

बोल्हाउस आता ब्याऐंशीचा आहे. कान गेलेत, डोकं शाबूत. पत्ते खेळत होता. मला पाहून त्याने पत्ते खाली ठेवले नाहीत.

"आलास," म्हणाला. "मला वाटलं होतं, तिच्याआधी तू येशील."

"वही कुठे आहे, डेर्क?"

"तुझ्या भाचीला दिली. मे महिन्यात आली होती ती. म्हटलं, घे, तुझ्या बापाचं अक्षर आहे."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? कॉफी प्यायली, वही वाचली, कप विसळून ठेवला आणि गेली. दारात विचारलं, ही आणखी कुणी पाहिली आहे का. म्हटलं, मामाला विचार."

"मला का नाही दिलीस?"

तेव्हा त्याने पत्ते ठेवले. "तुला दिली होती की. एकावन्न साली. तू म्हणालास, डेर्क, ही वही मी पाहिलेली नाही, खिशात घाल."

फेन्ना, तो बरोबर सांगतोय.

आता कुठली वही ते सांगतो. प्रत्येक बोटीवर दोन नोंदवह्या असतात हे तुला ठाऊक आहे. तू तीन उन्हाळे रूल्फबरोबर बोटीवर काढलेस. कच्ची वही मेटची, कप्तानाखालच्या माणसाची, म्हणजे आपल्या रूल्फची, पेन्सिलीने लिहिलेली, पाण्याचे डाग पडलेली. कप्तान नंतर त्यावरून शाईने पक्की लिहितो. पक्की वही आल्टीनाबरोबर बुडाली. कच्ची बोल्हाउसच्या कोटात होती. त्याला आणि आणखी दोघांना मासेमारांनी उचललं, रूल्फ आणि मेन्नो गेले, हे सगळं तुला पाठ आहे. तुला ठाऊक नाही ते पुढचं.

कायद्याने कप्तानाला किनाऱ्याला लागल्यावर दोन दिवसांत नोटरीपुढे जबाब द्यावा लागे. मालकाने मला पाठवलं. मी एकतीसचा होतो, तीनच वर्षं झाली होती वकिलीला. नोटरीची वेळ दहाची. मी साडेआठला बोल्हाउसला कॉफीच्या दुकानात गाठलं. बिचारा थरथरत होता, ओठ फुटलेले. त्याने वही काढून माझ्यासमोर ठेवली. निघायच्या आदल्या दिवशीची नोंद अजून डोळ्यांपुढे आहे:

'पुढच्या कोठाराच्या सात पाचरी कुजक्या. एक पट्टी वाकलेली. कप्तानाला सांगितलं. कप्तानाने मालकाला फोन केला. मालक: पुढच्या खेपेला बघू.'

आणि शेवटची नोंद, दुपारी सव्वातीनची, अक्षर वेडंवाकडं:

'ताडपत्री सैल. मेन्नो म्हणतो दोघं गेलो तर होईल. दोर घेऊन जातो आहोत.'

एवढीच. त्या पाचरी म्हणजे कोठारावरची ताडपत्री आवळून धरणारे लाकडाचे हातभर तुकडे. त्या निसटल्या, पाणी आत गेलं, खालच्या मालातला पुठ्ठा भिजून फुगला आणि बोट कलली. रूल्फने कुजक्या पाचरी पाहिल्या, सांगितल्या, लिहून ठेवल्या, आणि शेवटी त्याच ठोकायला गेला.

तू विचारशील, मग तू असं का केलंस? ऐक, हे मी इतकी वर्षं वर्गात शिकवतो आहे. आमच्या कायद्यात एक उलटी गंमत आहे. बोट मुळातच नादुरुस्त निघाली, तर मालाचं नुकसान मालकाच्या डोक्यावर. पण बोट धडधाकट होती आणि ती सांभाळताना खलाशाने चूक केली, तर मालक सुटला. खलाशी चुकला की मालक वाचतो. आणि मेलेला खलाशी उलटून बोलत नाही.

मी बोल्हाउसला म्हटलं, "मालकाने फोनवर काय सांगितलं ते मला सांगू नकोस. वही खिशात घाल. झाकण कुणी बंद केलं होतं?" तो म्हणाला, "रूल्फने. नेहमी तोच करतो." मी लिहिलं: 'पुढील कोठाराचे झाकण मेटच्या देखरेखीखाली बंद करण्यात आले. पाचरी पुरेशा ठोकल्या गेल्या नसाव्यात.' त्या 'नसाव्यात'वर मी खूश होतो. खोटंही नाही आणि खरंही नाही. डेर्कने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हा तुझा मेव्हणा आहे ना रे?" मी म्हटलं, "दहा वाजायला आले."

पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खटला जिंकलो. त्याच्यावर प्रबंध लिहिला. प्रबंधावर प्राध्यापकपद मिळालं. माझ्या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर आल्टीना आहे, आणि चार देशांतली पोरं ते पान पाठ करतात की मेटने पाचरी नीट ठोकल्या नाहीत. रूल्फचं नाव नाही तिथे. 'मेट' आहे.

अंत्यसंस्काराला पुरायला काही नव्हतं म्हणून आपण नुसते बसलो होतो. त्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलंस, "सीब्रांड, खरंच त्याची चूक होती का?" मी म्हणालो, "जबाबात तसं आहे." तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "होताच तो उतावळा." आणि बाहेर जाऊन आईला म्हणालीस, बरं झालं, कागद लिहायला घरचा माणूस होता. मी फळीवरच्या कपांकडे बघत उभा राहिलो.

तेव्हापासून आलिडा तुझ्याशी बोललेली नाही. मेन्नोची बायको ती, तिने तुला दोष दिला नाही, फक्त चर्चमध्ये तू बसलीस की ती उठून मागच्या बाकावर जायची. मग तूच मागे बसायला लागलीस, तिला उठायला लागू नये म्हणून. मी दर नाताळला येतो आणि तुझ्याशेजारी मागच्या बाकावर बसतो. तिथे बसून मी देवाचं नाव घेतलं आहे, फेन्ना.

मला आता सगळ्याची भीती वाटते. अब्रू जाईल याची वाटते, खोटं कशाला बोलू, ती मी जन्मभर जपली आहे. बोल्हाउसच्या डोळ्यांची वाटते. इम्के गप्प राहिली याची फार वाटते. ती बापाचं तोंडही न पाहिलेली पोर, पाच महिने ती वही जवळ ठेवून माझ्याकडे दोनदा जेवून गेली, आणि मीठ द्या म्हणण्यापलीकडे काही बोलली नाही. पण कागद समोर ओढला तेव्हा कळलं, यातली खरी धास्ती तुझी आहे. तू सभागृहात ऐकशील आणि माझ्याकडे मान वळवशील त्याची.

म्हणून आधी इथे सांगतो. रूल्फची चूक नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

इम्केशी अजून बोललो नाही. गुरुवारी काय करायचं ते ठरलेलं नाही. श्रोत्यांतल्या डॉक्टरेट असलेल्या माणसाला उठून प्रश्न विचारता येतो, आधी कळवावं लागतं तेवढं. मी कळवलं आहे, पण कळवणं आणि उठणं यात फरक असतो, आणि मला माझी खात्री नाही.

पत्र बुधवारी मिळेल. तू मला फोन करू नकोस. किंवा कर. मला कळत नाही.

सीब्रांड

•

ग्रोनिंगन, स्टेशनसमोरचं हॉटेल
शुक्रवार, १३ ऑक्टोबर १९७८

फेन्ना,

कालची शेवटची गाडी मी चुकवली. तू पाच वीसच्या गाडीने गेलीस असं इम्के म्हणाली. कॉफीसुद्धा घेतली नाहीस म्हणे.

माझं पत्र तुला मिळालं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. बुधवारी दिवसभर फोनजवळ बसलो, तो वाजला नाही. काल तू निळ्या कोटात आलीस, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलीस, म्हणालीस, "गारठा म्हणालास तेवढा नाही." मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही कळलं नाही. आयुष्यभर साक्षीदारांचे चेहरे वाचत आलो, बहिणीचा वाचता आला नाही. मग तू पर्स उघडून मला पेपरमिंट दिलंस, लहानपणी चर्चमध्ये लांबलचक प्रवचन सुरू झालं की द्यायचीस तसं. मला वाटलं, हिने वाचलेलं नाही. वाचलं असतं तर पेपरमिंट कशाला दिलं असतं? आणि मी खुर्चीचा हात धरला. कारण मग तू ते पहिल्यांदाच ऐकणार होतीस, तिथे, सगळ्यांदेखत, आणि माझ्याच तोंडून.

मी बाहेर जायचा विचार केला. खरंच केला. दार माझ्यापासून नऊ पावलांवर होतं. पण माझ्या आणि दाराच्या मध्ये तू बसली होतीस, आणि तुझे गुडघे ओलांडून जायची हिंमत झाली नाही. शौर्य वगैरे काही नाही, हे तुला माहीत असावं.

उठलो तेव्हा काय बोललो ते तू ऐकलंसच. मला स्वतःला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. "सातव्या विधानाला माझी हरकत आहे. ते फार मवाळ आहे. त्यातला वकील मी." सभागृहात खोकण्याचे आवाज आले. मग इम्केने रिवाजाप्रमाणे मला 'आदरणीय प्रश्नकर्ते' म्हटलं, आणि प्रश्न मी विचारायचा तर तिनेच विचारला.

"मेटची वही तुम्ही पाहिली होती?"

"हो."

"कधी?"

"जबाब लिहिण्याआधी."

"मेटने पाचरी ठोकल्या होत्या का?"

"जितक्या ठोकता येतील तितक्या. मालक नव्या देईना."

"मग हे तुमच्या पुस्तकात का नाही?"

 तेवढ्यात विद्यापीठाचा शिपाई दांडा आपटत आला आणि वेळ संपल्याचं लॅटिनमध्ये ओरडला. सत्तावीस वर्षांत त्या आरोळीने मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणाची मला लाज वाटली.

इम्के डॉक्टर झाली. नंतर माझ्याजवळ आली. हात मिळवला नाही. म्हणाली, "मामा, फोन उचलला असता तर मी विधान मागे घेणार होते. तुम्ही घरीच सांगितलं असतंत तर." मी म्हटलं, "बरं झालं नाही उचलला." ती म्हणाली, "ते मला ठरवू द्या."

आज सकाळी इथल्या नोटरीकडे जाऊन शपथेवर सगळं लिहून दिलं. एक प्रत जहाज-चौकशी मंडळाला, एक प्रकाशकाला, एक इम्केला. प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला आहे. हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. मागे फिरता येऊ नये म्हणून केलं, कारण मी फिरलो असतो.

आता भीती जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. फक्त बाकीच्या सगळ्या गोष्टींवरची उडाली आणि एकीवर येऊन बसली. तू काय लिहिशील यावर. तू लिही. शिव्या दे. काहीही लिही.

तुझा भाऊ,
सीब्रांड

•

डेल्फझैल
२१ ऑक्टोबर

सीब्रांड,

पत्र बुधवारी सकाळीच मिळालं होतं. खुर्चीवर बसून वाच म्हणालास, मी उभ्यानेच वाचलं.

सभागृहात मी तू उठतोस का ते बघायला आले होते. पेपरमिंट दिलं कारण तुझं तोंड कोरडं पडलं होतं आणि कोरड्या तोंडाने तू पुटपुटतोस. मागच्या रांगेला ऐकू जायला हवं होतं. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

इम्के रविवारी वही घेऊन आली. मी त्याचं अक्षर विसरले होते. आम्ही वही घेऊन आलिडाकडे गेलो. तिने दार उघडलं आणि साखळी काढली नाही. मी फटीतूनच वाचून दाखवलं: मेन्नो म्हणतो दोघं गेलो तर होईल. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग साखळी काढली. तिच्या स्वयंपाकघराला आता पिवळा रंग आहे. तीन तास बसलो, फार बोललो नाही. निघताना म्हणाली, रविवारी पुढे बस, माझ्याशेजारी.

तुझ्याबद्दल मी काही ठरवलेलं नाही. लोक विचारतात, मी सांगते, त्याला विचारा. नाताळला येऊ नकोस. पत्र पाठवू नकोस, मी लिहीन तेव्हा लिहीन, आणि कदाचित नाही लिहिणार.

तुला आईपेक्षा मीच जास्त वाढवलं आहे, म्हणून तुझ्यावर ओरडायला मला वेळ लागेल. आधी माझं काम आहे. सत्तावीस वर्षं मी त्या माणसाला उतावळा म्हटलं. पोरीला म्हटलं, घाई करू नकोस, बापावर जाशील. त्याच्या फोटोसमोर म्हटलं, जेवताना म्हटलं, त्याच्या वाढदिवशी म्हटलं. तुझ्या कागदावर विश्वास ठेवला आणि नवऱ्यावर नाही. त्याची माफी मागायची आहे आणि ती कशी मागतात ते मला येत नाही. रोज सकाळी थोडी थोडी मागते. ते संपलं तर तुझा नंबर.

रूल्फची बायको,
फेन्ना